वडोदऱ्यातील जुन्या बंगल्याची वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी जाम झाली आहे. ती न मोडता कशी काढावी?

ओढाताण करण्याआधी रंगाने चिकटलेला सांधा धारदार पात्याने चिरून घ्यावा. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला दोष दिला जातो, पण खिडकी बहुधा रंगाच्या थरांनीच धरून ठेवलेली असते. आतील उभी पट्टी पटाशीने मधून टोकांकडे सैल करत गेल्यास खालचे तावदान (काचेची सरकती फळी) बाहेर येते. मात्र तावदानाच्या बाजूला बांधलेल्या दोरीला चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजन टांगलेले असल्याने, दोरी सोडताच तिला गाठ मारावी, नाहीतर वजन धाडकन आत पडते. दोरी एकच तुटली असली तरी दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात. वरचे तावदान दोन्ही तावदानांमधली बारीक पट्टी काढल्यावरच निघते, आणि ही पट्टी बहुतेक वेळा मोडतेच, तेव्हा सुताराकडून नवी आधीच करून ठेवावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता ओला करून खरवडावा.