तोंडाला पाणी ‘सुटते’ की तोंडात पाणी ‘येते’?

बेळगावजवळच्या खानापुरातील एका पालकांनी विचारले आहे की, मुलाने निबंधात ‘कुंदा पाहून तोंडात पाणी आले’ असे लिहिले (कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई), ते शिक्षकांनी कानडी वळणाचे म्हणून खोडले आणि ‘तोंडाला पाणी सुटले’ असे करून दिले. हे योग्य झाले का?

‘तोंडात पाणी आले’ हे अशुद्ध नाही. मराठी माणूस तसे सहज बोलतो आणि हिंदीतही तेच वळण आहे. तेव्हा सारा आळ कन्नडवर घेण्याचे कारण नाही. कन्नडचे खास क्रियापद तर निराळेच आहे. ‘बायल्लि नीरूरुत्तदे’ म्हणजे विहिरीच्या तळाशी झरा पाझरावा तसे तोंडात पाणी पाझरते, आणि ही प्रतिमा मला आपल्या दोन्ही प्रयोगांहून सुंदर वाटते.

तरी शिक्षकांनी निवडलेल्या ‘सुटणे’ला एक खोली आहे. घाम सुटतो, कंप सुटतो, खाज सुटते, कुणाला नुसती खा खा सुटते. या सर्व प्रयोगांत माणूस कर्ता नसतो. त्याला न विचारता शरीर काही करून बसते, म्हणून तो वाक्यात ‘मला’, ‘त्याला’ असा बाजूला उभा राहतो.

शरीरातही तसेच घडते. आटत आलेल्या दुधाला तांबूस रंग चढून कुंद्याचा खमंग वास कढईबाहेर पडला, की मेंदूत जुन्या चवीची आठवण जागी होते आणि मस्तिष्कस्तंभातील (मेंदूच्या बुडाशी असलेल्या देठासारख्या भागातील) केंद्रांकडून लाळग्रंथींना हुकूम सुटतो (इथेही ‘सुटतो’च!). त्याच सुमारास व्हेगस मज्जातंतूमार्फत जठराला वर्दी पोहोचते आणि घास तोंडात पडण्याआधीच तिथे आम्ल पाझरू लागते. भुकेल्या माणसाची दुपारची पेंग अशा वासाने उडते, त्यातही मेंदूचाच हात असतो: हायपोथॅलॅमसमधील ऑरेक्सिन नावाचे द्रव्य भूक आणि जाग या दोहोंशी निगडित आहे.

पचनक्रियेवरील कामासाठी 1904 साली नोबेल मिळवणाऱ्या पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या अन्ननलिकेला गळ्याशी वाट करून दिली होती. गिळलेला घास तिथूनच बाहेर पडे, जठरात कणही जात नसे, तरी जठररस भरपूर सुटे. व्हेगस कापल्यावर मात्र तो थांबे. अन्न नुसते दिसताच सुटणाऱ्या लाळेला त्याने ‘मानसिक स्राव’ म्हटले.

बेळगावकरांना यावरून ‘मनात मांडे खाणे’ आठवल्याशिवाय राहणार नाही. या वाक्प्रचाराचा अर्थ फोल मनोरथ असा असला, तरी लाळेच्या बाबतीत ते मांडे अगदीच फोल जात नाहीत. कल्पनेनेही थोडे पाणी सुटते, फक्त खऱ्या मांड्याच्या वासाने सुटते त्याहून कमी. मुलाच्या वाक्यात तर कुंदा समोरच होता, म्हणून शिक्षकांचे ‘सुटले’ तिथे अधिक नेमके बसते. पण ‘आले’वर लाल रेघ ओढायला नको होती.