मुलाला कोण घेऊन आलं?

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम आशीर्वाद.

वर्गात अ‍ॅना फ्रॉइड आणि मेलनी क्लाइन यांच्यातल्या, मुलांचं मनोविश्लेषण कसं करावं या वादावर व्याख्यान झालं आणि आता यांतल्या कुणाच्या बाजूनं जायचं ते ठरत नाही, असं तू लिहिलं आहेस. ते एवढ्यात ठरवू नकोस. आधी त्या काळातल्या केसेस मुळापासून वाच आणि प्रत्येक केस उघडली की पहिल्यांदा हे शोध की मुलाला विश्लेषकाकडे आणलं कुणी.

मोठा माणूस स्वतःच्या पायांनी येतो, फी देतो, कोचावर आडवा होऊन मनात येईल ते बोलतो. पटलं नाही तर यायचा बंद होतो. मुलाला यातलं काहीच करता येत नाही. त्याला त्रास होत असतोच असं नाही, पुष्कळदा त्याचा इतरांना त्रास होत असतो. सांगितलं म्हणून ते आडवं पडून बोलत नाही, आणि तास संपला की ज्या घरातून आलं त्याच घरी परत जातं. बालविश्लेषणातले सुरुवातीच्या काळातले बहुतेक मोठे मतभेद या अडचणीतून निघाले, असं माझं मत आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र ते थेट ईडिपस गंड (आईची ओढ आणि वडिलांशी स्पर्धा) आणि पराहम् (मनातला आतला पहारेकरी) यांच्या भाषेत मांडलेले असतात, त्यामुळे मूल बाजूलाच राहतं.

हान्सपासून सुरू कर. १९०९ साली फ्रॉइडनं प्रसिद्ध केलेली ही पाच वर्षांच्या मुलाची केस. घोडा आपल्याला चावेल या भीतीनं तो रस्त्यावर जाईनासा झाला होता. उपचारांच्या काळात फ्रॉइडनं त्याला पाहिलं एकदाच, बाकी सगळं काम वडिलांनी केलं. वडील माक्स ग्राफ हे संगीतसमीक्षक, फ्रॉइडच्या घरी बुधवारी भरणाऱ्या मनोविश्लेषणाच्या बैठकीतले. ते मुलाशी बोलत, टिपून ठेवत आणि प्रोफेसरांना, म्हणजे फ्रॉइडला, कळवत. फ्रॉइडनं स्वतःच लिहून ठेवलंय की वडील आणि वैद्य या दोघांचा अधिकार एकाच माणसाकडे आला, म्हणूनच हे शक्य झालं. हे वाक्य शंभर वेळा उद्धृत होतं. त्याची दुसरी बाजू सहसा कुणी बोलत नाही: संवाद वाचताना जागोजागी दिसतं की वडिलांनी उत्तर हाताशी ठेवून प्रश्न विचारले आहेत. हान्स कधी हो म्हणतो, कधी भलतंच काही सांगतो, आणि हे ‘भलतंच’ अत्यंत वाचनीय आहे. बसगाडीचा घोडा रस्त्यात कोसळून पाय झाडत होता ते त्यानं पाहिलेलं असतं. घरासमोरच्या वखारीत मालगाड्या ये-जा करत असतात. धाकटी बहीण आलेली असते. फ्रॉइडला भेटून परतताना तो वडिलांना विचारतो, की प्रोफेसर देवाशी बोलतात का, त्यांना हे सगळं आधीच कसं कळतं? घोड्यात वडील दिसणं हे फ्रॉइडचं वाचन मला आजही ताकदीचं वाटतं. पण ते वाचन घरातल्या घरात, बापाच्या तोंडून मुलापर्यंत पोचलं, हे विसरून चालत नाही.

१९२२ साली हान्स फ्रॉइडला भेटायला आला, एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण. स्वतःची केस वाचून त्याला त्यातलं जवळजवळ काहीही आठवलं नव्हतं. मधल्या काळात आईवडिलांचा घटस्फोट झाला होता, दोघांनी पुन्हा लग्नं केली होती, आणि त्याला खंत होती ती धाकट्या बहिणीपासून तुटल्याची. हा हर्बर्ट ग्राफ पुढे ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक झाला.

त्यानंतरचं नाव हर्मिने हुग-हेल्मुट. अभ्यासक्रमात ते क्वचितच भेटतं. व्हिएन्नातली शिक्षिका, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. १९२० साली हेगच्या अधिवेशनात तिनं मुलांच्या विश्लेषणाच्या तंत्रावर निबंध वाचला. मुलाला त्याच्या घरी जाऊन भेटावं, कोचावर झोपवू नये, खेळाचा आधार घ्यावा, असं तिचं म्हणणं होतं. आणखी एक ठाम विधान त्यात आहे: स्वतःच्या मुलाचं नीट विश्लेषण कुणालाच करता येणार नाही. आता आजूबाजूला बघ. खुद्द फ्रॉइड १९१८ पासून आपल्या मुलीचं, अ‍ॅनाचं, विश्लेषण करत होता. बुडापेस्टमध्ये मेलनी क्लाइन यांनी अगदी सुरुवातीचा एक निबंध लिहिला तो ‘फ्रिट्झ’वर. तो शेजारच्या नातलगांचा मुलगा, असं छापलं गेलं. प्रत्यक्षात तो त्यांचाच धाकटा मुलगा, एरिक. आणि हुग-हेल्मुटच्या लिखाणातली कितीतरी निरीक्षणं तिच्या भाच्याची होती, ज्याला तिनं वाढवलं होतं. १९२४ साली, अठराव्या वर्षी, त्या भाच्यानं तिचा खून केला. त्या काळी मनोविश्लेषणाच्या विरोधकांनी हे भांडवल म्हणून वापरलं. निरीक्षणामुळे खून झाला असा सोपा अर्थ तूही काढू नकोस. एवढंच बघ, की या पहिल्या पिढीत मुलाला आणणारा आणि त्याला वाचणारा ही दोन माणसं अजून वेगळी झालेली नव्हती.

ती वेगळी कशी करायची, यावरच क्लाइन आणि अ‍ॅना फ्रॉइड यांचं जमलं नाही. १९२३ साली बर्लिनमध्ये क्लाइन रीटा नावाच्या पावणेतीन वर्षांच्या मुलीला तिच्या घरी जाऊन भेटत होत्या. आई आणि मावशी संशयानं बघत. त्यावरून क्लाइन यांनी ठरवलं की हे काम मुलाच्या घरात करायचं नाही. दुसरी एक सात वर्षांची मुलगी बोलेचना, तेव्हा त्या उठल्या, स्वतःच्या मुलांची काही खेळणी एका खोक्यात भरून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. मुलगी खेळायला लागली. पुढे प्रत्येक मुलाचा स्वतःचा कुलूपबंद खण आला: लाकडी बाहुल्या, गाड्या, प्राणी, कागद, कात्री, आणि खोलीत पाण्याचा नळ. खेळ म्हणजे मुलाचं बोलणं, आणि भीती दिसली की तिचा अर्थ लगेच बोलून दाखवायचा.

अ‍ॅना फ्रॉइड मुळात प्राथमिक शाळेतल्या बाई. त्यांचं म्हणणं असं की मूल आपण होऊन आलेलं नाही, तर आधी त्याला यावंसं वाटलं पाहिजे. एका मुलाची पत्रं त्यांनी टाइप करून दिली. एका मुलीच्या तासाला त्या विणत बसत आणि हळूहळू तिच्या सगळ्या बाहुल्यांना कपडे झाले. मोठ्या माणसात आईवडिलांविषयीच्या जुन्या भावना विश्लेषकावर येतात, ते ट्रान्सफरन्स. मुलात ते पूर्णपणे होत नाही, कारण जुनी आवृत्ती अजून संपलेली नाही, मग नवी कशी निघणार? आईवडील संध्याकाळी घरी असतातच. आणि मुलानं खेळातला दिव्याचा खांब पाडला की त्यात दर वेळी बापावरचा राग कशाला शोधायचा, काल फिरायला गेलं असताना त्यानं तसं काही पाहिलंही असेल.

१९२७ साली लंडनमध्ये क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला कडक उत्तर दिलं. त्यातला क्लाइन यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो: मुलाच्या मनातली आई आणि घरातली आई एक नसते. मायाळू आईची मुलंही रात्री राक्षसिणीला घाबरून उठतात. ती राक्षसीण आधीच आत आहे, म्हणून ती विश्लेषकावरही येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा वाद ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेत इतका चिघळला की शेवटी प्रशिक्षणाच्या दोन वेगळ्या वाटा कराव्या लागल्या. त्या चर्चांचा जाड खंड आहे, तो आत्ता वाचू नकोस.

त्याऐवजी ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी सांगितलेली हकिकत ऐक. प्रशिक्षणात क्लाइन त्यांच्या सुपरवायझर होत्या आणि बोल्बींकडे एक चंचल लहान मुलगा येत होता. आई त्याला आणून बाहेर बसायची, अतिशय चिंताग्रस्त. बोल्बींना तिच्याशी बोलायचं होतं, क्लाइन यांनी परवानगी दिली नाही. तीन महिन्यांनी कळलं की ती मनोरुग्णालयात दाखल झाली. बोल्बींच्या सांगण्यानुसार क्लाइन वैतागल्या त्या केस बंद पडली म्हणून, आईच्या कोसळण्याला त्यांच्या लेखी काही महत्त्व नव्हतं. बोल्बींचा पुढचा सगळा अभ्यास आईपासून तुटण्यावर झाला. मनातल्या आईविषयी क्लाइन यांचं बरोबर होतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईविषयी साफ चुकलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, म्हणून मी तुला बाजू ठरवू देत नाही.

आता तुझ्या सध्याच्या कामाकडे येते. केंद्रात तुला सेशन घेऊ देत नाहीत, नुसतं निरीक्षण लिहायला लावतात, म्हणून तू कंटाळली आहेस. युद्धाच्या काळात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये हॅम्पस्टेड वॉर नर्सरीज, म्हणजे युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांची निवासगृहं, चालवल्या. तिथं प्रत्येकानं आपलं काम काहीही असो, मुलांविषयी दिसेल ते कार्डावर लिहायचं असा नियम होता. त्यात बॉयलर सांभाळणारा जेम्स रॉबर्टसनही होता. तो लिहायला शिकला तो तिथं. १९५२ साली त्यानं एक फिल्म दाखवली: ऑपरेशनसाठी आईपासून दूर आठ दिवस रुग्णालयात राहिलेली अडीच वर्षांची मुलगी आणि तिची तगमग. डॉक्टरमंडळी चिडली. मुलं वॉर्डात शांत असतात, असाच त्यांचा अनुभव होता. १९५९ साली ब्रिटनमधल्या सरकारी समितीनं आईवडिलांना कधीही भेटू द्यावं अशी शिफारस केली, त्यामागे रॉबर्टसनच्या चिकाटीचा मोठा वाटा होता.

तेव्हा या महिन्यात दोन गोष्टी कर. हान्सची केस पेन्सिल घेऊन वाच आणि वडिलांनी सुचवलेलं एका रंगात, मुलानं आपणहून आणलेलं दुसऱ्या रंगात खूण कर. आणि केंद्रात दार उघडणाऱ्या मावशींशी रोज पाच मिनिटं बोल. आजीबरोबर आलेलं मूल आणि तेच मूल वडिलांबरोबर आलेलं असताना बाकावर कसं बसतं, हे त्यांना तुझ्याआधी माहीत असतं. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही आणि त्यातली चार पानं मला पाठव.

सस्नेह,
तुझ्या बाई