मुलगा म्हणतो, ‘माझा विश्वास उरलेला नाही’

(अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा २२ वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलला राहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात, दरवर्षी सुवर्णवचनं (बायबलमधली निवडक वचनं) पाठ म्हणण्याचं बक्षीस, १६व्या वर्षी दृढीकरण, म्हणजे मंडळीपुढे स्वतःच्या विश्वासाची कबुली, तरुण संघात कीबोर्ड वाजवायचा. ईस्टरला घरी आला आणि जेवताना म्हणाला, ‘मी यापुढे चर्चला येणार नाही. माझा विश्वास उरलेला नाही, आणि खोटं खोटं बसणं मला जमत नाही.’ वडील मंडळीत पंच आहेत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी. ते ताटावरून उठले. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे. ताई विचारतात: आमचं कुठे चुकलं? हॉस्टेलच्या पोरांनी बिघडवलं का? पाळकसाहेबांना घेऊन पुण्याला जाऊ का? नववीतल्या धाकटीचं काय? आणि नाताळात लोकांना काय सांगू?)

ताई, ख्रिस्तात सलाम.

त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. खोटं खोटं बसणं जमत नाही. त्याच्या वयाची बरीच मुलं हे कधी बोलतच नाहीत. फोनवर ‘हो, गेलो होतो भक्तीला’ म्हणतात, सुट्टीत घरी आली की मुकाट्याने बाकावर बसतात, आणि दहा वर्षांनी लग्नाच्या वेळी आईवडिलांना सगळं कळतं. तुमचा मुलगा पंचाच्या घरात, पंचाच्या समोर बसून खरं बोलला. खरं बोलायला त्याला तुम्हीच शिकवलंत. त्याच्याशी जे काही करायचं ते यापुढेही तो तुमच्याशी खरं बोलत राहील अशा बेताने करा. बाकी सगळं त्यानंतर.

हॉस्टेलच्या मुलांना दोष देऊ नका. अमेरिकेत लाइफवे रिसर्च या संस्थेने २०१९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. शाळेच्या वयात किमान वर्षभर प्रोटेस्टंट चर्चला नियमित जाणाऱ्यांपैकी ६६ टक्के मुलांचं १८ ते २२ या वयात किमान एक वर्ष चर्चला जाणं सुटलं. कारणं विचारली तेव्हा ‘कॉलेजसाठी गाव सुटलं’ हे सगळ्यात वर होतं, आणि ‘चर्चमधली माणसं नावं ठेवणारी किंवा ढोंगी वाटली’ हे त्याच्या अगदी पाठोपाठ. आपली मंडळी वेगळी, आपली माणसं वेगळी, हे मान्य. पण गाव सुटल्यावर काय होतं ते इथेही तसंच आहे. घरी असताना रविवारी सकाळी उठवायला आई असते, कीबोर्ड वाजवायला कुणी नाही म्हणून बोलावणं येतं. पुण्यात दोन्ही नसतं. आधीपासून जे आतून सैल झालेलं असतं, ते तिथे गळून पडतं. सैल होण्याची सुरुवात पुष्कळदा शाळेच्या वयातच झालेली असते, म्हणजे तो तुमच्याच घरात, तुमच्याच शब्बाथशाळेत होता तेव्हा.

हे दोष द्यायला म्हणत नाही. पण ‘कुठे चुकलं’ असं तुम्ही विचारलंय, आणि तुमच्या पत्रातच तीन जागा आहेत.

पहिली. ‘दहावी-बारावीला रविवारी क्लासच्या टेस्ट असायच्या म्हणून भक्तीला येत नव्हता, पण तेव्हा असलं काही नव्हतं,’ असं तुम्ही लिहिलंय. आपल्या घरोघरी हेच होतं. सात वर्षं आपण मुलाला सांगतो की रविवार देवाचा. मग फिजिक्सची टेस्ट येते आणि आपणच त्याला साडेआठला क्लासवर सोडून येतो. मुलं आपण काय म्हणतो यापेक्षा आपण गाडी कुठे नेतो ते बघतात. त्यात दृढीकरणाचा वर्ग संपला की आपल्याकडे पुढचं काहीच ठेवलेलं नसतं. प्रश्नोत्तरं पाठ करायची, पांढरा शर्ट घालायचा, पहिलं प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस) घ्यायचं, फोटो. १६व्या वर्षी मुलाला वाटतं, हा अभ्यासक्रम पुरा झाला.

दुसरी. ‘लहानपणी फार प्रश्न विचारायचा, बाई वैतागायच्या.’ कुठले प्रश्न ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण चौकस मुलाचे ठरलेले असतात. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग प्राणी, मग नर आणि नारी बरोबरच. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस, मग झाडं, मग प्राणी, आणि शेवटी स्त्री. मग खरं कुठलं? सातवीचं मूल लक्ष देऊन वाचत असेल तर त्याला हे दिसतंच. त्याला ‘असं विचारू नये’ म्हटलं की ते विचारायचं थांबतं आणि मनात नोंद करतं की यांच्याकडे उत्तर नाही. खरं तर उत्तर देण्यासारखं बरंच आहे. सृष्टीचे सहा दिवस घड्याळाच्या चोवीस तासांचे धरायची गरज नाही, असं संत ऑगस्टीनने डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी मांडलं होतं. हे बाईंना कुणी सांगितलं नसेल, तर बाईंनी तरी काय करावं?

मराठी मुलाचा त्याहून अवघड प्रश्न वेगळाच असतो. खोलीतला मित्र वारकरी घरातला, त्याची आई दिवाळीला दोन डबे पाठवते, एक याच्यासाठी. ती माउली नरकात जाणार का? आपल्या मुलांना हा प्रश्न पुस्तकात भेटत नाही, लाडू खाताना भेटतो. व्यासपीठावरून त्याला ‘हो’ असं सरळ उत्तर ऐकू आलं, तर पुष्कळ मुलं आईवडिलांचा धर्म आणि मित्राची आई यांतून मित्राची आई निवडतात. त्यांच्या मनाचा चांगुलपणाच त्यांना बाहेर नेतो. आपल्याच परंपरेत याला जागा आहे हे त्यांना कुणी दाखवत नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक सांगत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहातून त्यांची भजनं आपण दर रविवारी गातो, पण मुलांना हे माहीत नसतं.

तिसरी जागा तुम्ही एका ओळीत उरकलीत, आणि मला तिथेच सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. ‘दोन वर्षांपूर्वी त्याचे आजोबा गेले, तेव्हापासून जरा गप्प असतो.’ आजोबांच्या आजारपणात घरी तीन दिवस उपवास-प्रार्थना झाली, तोही उपाशी होता, आणि नंतर बाहेरून आलेल्या एका प्रार्थना करणाऱ्या बंधूंनी ‘घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला’ असं म्हटलं, असं तुम्ही लिहिता. ताई, २० वर्षांच्या मुलाने ते वाक्य कुणाबद्दल आहे असं धरलं असेल? घरातला शंका असलेला माणूस तोच होता. म्हणजे आजोबा आपल्यामुळे गेले, नाहीतर हे सगळं खोटं आहे, एवढ्या दोनच वाटा त्या वाक्याने त्याच्यापुढे ठेवल्या. तो दुसरीने गेला. पहिलीने गेला असता तर फार वाईट झालं असतं.

योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, शिष्य आंधळ्या माणसाबद्दल हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत एक तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत, आणि ८८वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी आशेची एक ओळही येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या मंडळ्यांत ते कधी वाचलं जात नाही, आणि मातीच्या दिवशीही आपण लगेच सांत्वनाची वचनं म्हणायला लागतो. रागावलेल्या, रडणाऱ्या मुलाला त्या भक्तीत बसायला जागाच उरत नाही.

म्हणून पहिला फोन या विषयावर करा. विश्वासाचा विषय काढू नका. एवढंच म्हणा: ‘त्या दिवशी घरात ते वाक्य बोललं गेलं, आणि आम्ही कुणी अडवलं नाही. ते चूक होतं. आजोबा तुझ्यामुळे गेले नाहीत.’ मग गप्प राहा. तो ‘बरं’ म्हणून फोन ठेवेल कदाचित. ठेवू द्या.

त्यानंतर निदान तीन महिने तुम्ही होऊन विषय काढायचा नाही. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जे वचन आणि उपदेशाचे व्हिडिओ पाठवता ते त्याला पाठवणं बंद. घरच्या ग्रुपवर सगळ्यांना जातात ते जाऊ देत. तो स्वतः बोलायला लागला तर ऐका, आणि त्या दिवशी उत्तर देऊ नका. ‘हे तुला कधीपासून वाटतंय?’ हा एक प्रश्न पुरे. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणा. हे ऐकायला तो किती वर्षं थांबलाय कोण जाणे.

घरी आला की कौटुंबिक प्रार्थना नेहमीसारखी करा. तो बसला तर बसला, उठून बाहेर गेला तर जाऊ द्या. पण त्याच्यासमोर डोळे मिटून मोठ्याने ‘प्रभू, माझ्या लेकराचे डोळे उघड’ म्हणू नका. आपल्याला ती प्रार्थना वाटते. मुलाला ते चारचौघांत दिलेलं बोलणं वाटतं, आणि उलट बोलायची सोय नसते, कारण आई देवाशी बोलतेय. ती प्रार्थना एकटीने करा, हवी तितकी करा.

फी किंवा हॉस्टेलचा खर्च थांबवायची भाषा घरात कुणी करत असेल तर आजच बंद करा. पैशाच्या भीतीने भक्तीला आलेला मुलगा नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी जातो, आणि मग चर्चबरोबर घरही सोडतो.

पाळकसाहेबांना घेऊन अचानक जाऊ नका. काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. हॉस्टेलच्या व्हिजिटर रूममध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पाळक, तुम्ही, एखादे वडीलधारे, आणि मध्ये तो. अर्धा तास बोलणं, तो मान डोलावणार, शेवटी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. सगळ्यांना बरं वाटून परत याल. त्याच्या मनात मात्र एवढंच राहील की आईला सांगितलेली गोष्ट गावभर झाली. पाळक समजूतदार असतील तर त्यांचा नंबर त्याला देऊन ठेवा, ‘वाटलं तर’ म्हणून. पुन्हा विचारू नका.

आणखी एक गोष्ट बघा. चर्चमध्ये कुणी मोठ्या माणसाने त्याला कधी त्रास दिला होता का, नको तसा हात लावला होता का, हे एकदा शांतपणे विचारा. ‘हो’ म्हणाला तर लगेच विश्वास ठेवा. तो माणूस आजही शब्बाथशाळेत किंवा तरुण संघात असेल, तर धाकटीसारखी मुलं त्याच्या हाताखाली आहेत, हे प्रकरण मंडळीतच मिटवायचं नसतं, पोलिसांत न्यायचं असतं. आणि मुलगा फक्त चर्चच नाही, सगळंच सोडत असेल, झोप, जेवण, मित्र, परीक्षा, तर हा श्रद्धेचा प्रश्न नाही. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली ‘आता मरू दे’ म्हणत पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं पुष्कळ नंतर झालं.

आता पप्पांबद्दल. व्हर्न बेंग्टसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने साडेतीनशेच्या आसपास कुटुंबांचा १९७०पासून साडेतीन दशकं माग ठेवला. श्रद्धा पुढच्या पिढीत जायची असेल तर आईवडिलांशी असलेली जवळीक, त्यातही वडिलांची माया, फार मोलाची ठरते, असं त्यांना दिसलं. धार्मिक पण कोरडा बाप असला की श्रद्धा पुढे जाणं अवघड होतं. तुमचे यजमान दुखावलेत, मंडळीत मान खाली गेली असं त्यांना वाटतंय, ते मी समजू शकते. पण मुलाने पंचांनाच पाहिलंय, कितीतरी वर्षं. रविवारी भक्तीहून आल्यावर मटणाच्या ताटावर पाळकांचं उणं, निवडणुकीतली पॅनेलं, चर्चच्या जागेचा वाद, कोर्टाची तारीख, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत चालतं, तुमच्याकडेही चालतं असं पत्रावरून दिसतं. मुलं उपदेश विसरतात, हे जेवण विसरत नाहीत. त्यांनी मुलाची बाजू मान्य करायची गरज नाही. तीन वाक्यं बोलायची: ‘मी ताटावरून उठलो ते चुकलं. तू माझा मुलगा आहेस. मला तुझ्याशी बोलायचंय.’ चौथं वाक्य ‘पण’ने सुरू होईल, ते गिळायचं.

धाकटीला ‘दादासारखी होऊ नकोस’ म्हणू नका, तिचा दादा तिला प्रिय आहे. पुढच्या वर्षी तिची दहावी. क्लासच्या टेस्टची वेळ बदलून मागा, किंवा संध्याकाळची भक्ती असेल तिथे बरोबर जा. मंडळीतली पाच मोठी माणसं अशी शोधा की जी तिला नावाने हाक मारतील, परीक्षा कशी गेली विचारतील. ती इंग्रजी माध्यमात असेल तर जुन्या मराठी शास्त्राची भाषा तिला अर्धी कळत नाही, हे धरून चाला. सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या आणि आठवड्याला एक उतारा बरोबर वाचा. तिने विचारलेला प्रश्न वहीत लिहून ठेवा. तो सुटला नाही तरी लिहिलेला राहू द्या.

नाताळात कुणी विचारलं तर ‘पुण्यात आहे, बरा आहे’. हे खरं आहे आणि पुरेसं आहे. घरी आला आणि कॅरल पार्टीत कीबोर्ड वाजवायला उठला तर वाजवू द्या, त्याचा अर्थ काढू नका. प्रभुभोजनाला मात्र आग्रह नको. स्वतःची परीक्षा करून मग खा, असं पौल सांगतो, आणि तुमचा मुलगा तेच करतोय. लग्नाची चिंता आत्ता बाजूला ठेवा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली काही वर्षं एका नात्यात दोन धर्म होते, आणि त्यातला बराच काळ दुराव्यात गेला. तो दुरावा संपला तो वादात कुणी जिंकल्यामुळे नव्हे. दोघं पुन्हा एका छताखाली राहायला लागली, आणि मग पुढचं घडलं.

मुलगा परत येईल असं वचन मी देऊ शकत नाही. त्या अमेरिकन पाहणीत बाहेर पडलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा पुढे पुन्हा नियमित जायला लागला होता, बाकीचे नाही.

पप्पांना पुण्याला पाठवा, एकट्याला. जाताना शेंगदाण्याची चटणी आणि त्याच्या आवडीचं काही द्या. शनिवारी जायचं आणि त्याच संध्याकाळी परतायचं. रविवारी गेले तर चर्चला न्यायला आलेत असं त्याला वाटेल.