औषधांना दाद न देणारे जिवाणू : वाचकांचे प्रश्न

औषधांना पुरून उरणारे जिवाणू हा माझ्या संशोधनाचा विषय. त्याबद्दल आलेल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहे. स्वतःच्या आजारावरचा सल्ला मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

प्रश्न : मी कित्येक वर्षांत अँटिबायोटिक घेतलेलं नाही. तरी लघवीच्या तपासणीत तीन औषधांना न जुमानणारा जिवाणू निघाला. माझं शरीर औषधांना सरावलं कसं?

शरीर सरावत नाही. बदलतो तो जिवाणू, आणि तोही औषध पाहून शहाणा होत नाही. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ दाम्पत्यानं हे मखमलीच्या तुकड्यानं दाखवून दिलं. काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहतींवर त्यांनी मखमल टेकवली आणि तिचा ठसा औषध घातलेल्या दुसऱ्या बश्यांवर उमटवला. प्रत्येक बशीत तगलेल्या वसाहती त्याच त्या जागी उगवल्या. म्हणजे औषधाशी गाठ पडण्याआधीच मूळ बशीत तिथे रोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणू होते. औषधानं बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करून दिलं, एवढंच. महागडं यंत्र नाही, काही नाही. मला हा प्रयोग अजूनही फार आवडतो.

असा जिवाणू दुसऱ्या माणसाकडून किंवा अन्नपाण्यातून तुमच्या आतड्यात येऊन राहू शकतो. शिवाय रोधाची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळांवरून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूतही. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. तीन औषधं एकदम निकामी होण्यामागे बहुधा हेच असतं.

प्रश्न : कल्चर रिपोर्टमध्ये (लघवीतले जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीच्या अहवालात) सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे १ आणि नायट्रोफ्युरंटॉइनपुढे १६ असा आकडा आहे. कमी आकड्याचं औषध जास्त चांगलं ना?

नाही, आणि ही चूक फार जण करतात. हा आकडा म्हणजे जिवाणूची वाढ रोखायला लागणारी औषधाची कमीत कमी तीव्रता, मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. तो दुसऱ्या औषधाच्या आकड्याशी ताडून पाहायचा नसतो. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी ठरवलेली असते, कारण शरीरात कुठलं औषध कुठे आणि किती साचतं हे वेगळं असतं. जिवाणू ई. कोलाय (लघवीच्या संसर्गात नेहमी आढळणारा) असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनचा १ म्हणजे औषध निकामी, आणि नायट्रोफ्युरंटॉइनचा १६ म्हणजे चालणारं. नायट्रोफ्युरंटॉइन लघवीत भरपूर उतरतं, रक्तात मात्र पुरेसं टिकत नाही. त्यामुळे मूत्राशयाच्या साध्या संसर्गात ते उपयोगी पडतं आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला की कुचकामी ठरतं. रिपोर्ट वाचताना आकड्याशेजारचं ‘एस’ (औषध चालेल) किंवा ‘आर’ (चालणार नाही) हे अक्षर पाहा आणि पुढचं डॉक्टरांवर सोपवा.

प्रश्न : सर्दी लवकर बरी व्हावी म्हणून अँटिबायोटिक घेतलं तर काय बिघडतं?

सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर ते चालत नाही. मरतात ते आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू.

प्रश्न : ‘कोर्स पूर्ण करा, नाहीतर जिवाणू रोधक होतील’ हे खरं का?

क्षयाच्या बाबतीत खरं. तिथे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. एकट्या औषधातून त्यांच्यातले रोधक तेवढे निसटतात, म्हणून अनेक औषधं एकत्र आणि महिनोन्‌महिने द्यावी लागतात. उपचार अर्धवट सोडणं तिथे खरोखर घातक आहे.

पण हाच नियम सरसकट सगळीकडे लावला गेला. न्यूमोनियासह अनेक नेहमीच्या संसर्गांत थोड्या दिवसांचा कोर्स लांबलचक कोर्सइतकाच गुण देतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. जितके दिवस औषध पोटात जातं, तितके दिवस आतड्यातल्या, आजाराशी संबंध नसलेल्या जिवाणूंचीही निवड होत राहते, म्हणजे त्यांच्यातले रोधक तेवढे मागे उरतात. उद्या लघवीच्या संसर्गात भेटतात ते बहुतेकदा यांच्यातलेच. म्हणून ‘जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित’ हे मला पटत नाही. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबू नका, पण औषध लिहून घेतानाच ‘किती दिवस, आणि कमी चालतील का?’ हे जरूर विचारा.

प्रश्न : एखादं औषध काही वर्षं वापरलंच नाही, तर ते पुन्हा लागू पडेल?

कधी कधी. रोध बाळगणं जिवाणूला अनेकदा महाग पडतं, त्यामुळे औषध नसताना तो वाढीत मागे पडतो. पण पुढच्या पिढ्यांत इतर बदल होऊन हा तोटा भरून निघू शकतो. प्लाझ्मिडची अडचण आहेच : जुनं औषध बंद केलं तरी शेजारच्या जनुकामुळे दुसरं एखादं औषध तेच प्लाझ्मिड जगवतं. शिवाय रोधाची जनुकं अँटिबायोटिकच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जुनी. ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही ती सापडली आहेत. वापर घटवल्यानं वाढ मंदावते, काही वेळा प्रमाण कमीही होतं, पण पाटी कोरी होत नाही.

प्रश्न : वडिलांच्या लघवीत जिवाणू सापडले. जळजळ नाही, ताप नाही. औषध द्यावं का?

बहुधा नाही. वयस्कांमध्ये असे जिवाणू सहज आढळतात, आणि लघवीची नळी बरेच दिवस असेल तर जवळजवळ नेहमीच. औषधानं ते तात्पुरते हटतात आणि त्यांच्या जागी अधिक चिवट येऊ शकतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रिया, हे ठळक अपवाद. एरवी त्रास नसताना कल्चर पाठवूच नये असं माझं मत आहे. ‘जिवाणू आढळले’ असा कागद हातात पडला की औषध न लिहिणं डॉक्टरांनाही जड जातं.