वाचकांचे प्रश्न : अनोळखी घरचा अल्बम

प्रश्न : मागच्या रविवारी जुन्या बाजारात एक अल्बम मिळाला, बारसं, मुंज, कुठल्यातरी धबधब्यावरची सहल, नाव मात्र कुणाचंच नाही. विकणारा म्हणाला भंगारात आला. असे अजून जमवून सोसायटीच्या गणपतीत प्रदर्शन लावावं असं मनात आहे पण घरचे म्हणतात लोकांच्या घरातले फोटो असे टांगू नयेत. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घेतलात ते फार बरं केलंत. बीजिंगला तोमा सोवँ नावाच्या फ्रेंच माणसाने २००९ पासून घरगुती निगेटिव्ह चक्क किलोच्या भावाने घेतल्या, कारण त्या ज्याच्याकडे जायच्या तो भंगारवाला त्या ॲसिडमध्ये विरघळवून चांदी काढायचा. पाच लाखांच्या वर फ्रेम वाचल्या, साधारण १९८५ ते २००५ मधल्या, आणि त्यात काय तर नव्या फ्रीजला टेकून उभ्या बायका, टीव्हीशेजारी पोज देणारी माणसं, लग्नात पाहुण्यांची सिगारेट पेटवून देणारी नवरी. आपल्याकडेही नवा फ्रीज आला की हळदकुंकू लावून फोटो काढायचेच की, म्हणून ते चिनी फोटो बघताना परके वाटतच नाहीत.

पॅरिसमधल्या ली शुलमन यांनी २०१७ पासून अशाच बिननावाच्या रंगीत स्लाइड जमवल्या आणि २०१९ला फ्रान्समधल्या आर्ल गावच्या फोटो महोत्सवात त्या एका घरासारख्या मांडणीत, खोल्याखोल्यांतून दाखवल्या. भिंतीवर ओळीने टांगण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं, तुम्हालाही जमेल.

पण घरचे म्हणतात त्यातही तथ्य आहे आणि मला स्वतःला जपानचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. २०११च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात चिखलातून साडेसात लाखांच्या आसपास फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले, स्कॅन केले, का तर ज्याचे त्याला परत मिळावेत म्हणून, आणि कितीतरी मिळालेही. जे इतके खराब झाले होते की चेहराच उरला नव्हता, फक्त रंगांचे डाग आणि कोपऱ्यात एखादा हात, त्यांचंच मग टोकियो, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कला प्रदर्शन झालं. म्हणजे आधी शोध, मग भिंत.

तुम्हीही तसंच करा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का बघा, असला तर तो स्टुडिओ किंवा त्याच्या आसपासचे जुने दुकानदार यांना गाठा. प्रदर्शनात आजारपणाचे, प्रेताचे, आंघोळीच्या पोरांचे फोटो ठेवू नका, आणि दारातच पाटी लावा की यात कुणी ओळखीचं दिसलं तर सांगा, अल्बम परत देऊ. भिंतीवर कॉपीच लावा. मूळ फोटो चिकट पानांवर असतील तर ओढून काढू नका, वरचा थर निघून येतो, अख्खं पानच स्कॅन करा आणि क्रम मोडू नका, कारण बारशानंतर मुंज कुणीतरी विचार करून लावलेली आहे.