कुणी ‘प्रभू म्हणतो’ म्हणाला, तर?

बाळा, प्रार्थनेत कुणी तुझ्या डोक्यावर हात ठेवून ‘प्रभू तुला सांगतो’ म्हणालं, की लगेच आमेन म्हणून मोकळा होऊ नकोस. झिडकारूही नकोस. प्रेषित पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला पत्रात दोन्ही सांगितलंय: संदेश तुच्छ मानू नका, पण पारख करा.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 28वा अध्याय सावकाश वाच. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर, परमेश्वराच्याच नावाने बोलला. दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू, म्हणजे त्याची सत्ता, मोडेल, त्याने नेलेली मंदिरातली पात्रं परत येतील. ऐकायला किती गोड! यिर्मया आधी आमेनच म्हणाला, तसं व्हावं अशी त्याचीही इच्छा होती. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतलं होतं; हनन्याने ते काढून मोडलं, तेव्हा यिर्मया वाद न घालता निघून गेला. हनन्याचा संदेश खोटा आहे असं परमेश्वराचं वचन आल्यावरच परत बोलला. हनन्या त्याच वर्षी मेला. मला यिर्मयाचं ते थांबणं फार मोलाचं वाटतं.

भाकीत खरं ठरलं म्हणजे झालं, असंही नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 13वा अध्याय म्हणतो, संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह घडलं तरी तो दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर ऐकू नका.

लग्न, नोकरी, पैसा यांबद्दलचा संदेश असेल तर जास्तच जप. लिहून ठेव, वचनाशी ताडून पाहा, मंडळीतल्या जाणत्यांना दाखव. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी अट घालणाऱ्यापासून मात्र लांबच राहा. करिंथच्या मंडळीत संदेष्टे सगळ्यांसमोर बोलत आणि बाकीच्यांनी त्याची पारख करायची असे.