अंतर वाढवायचंय? आधी वेग आवरा

प्रश्न : आठवड्यातून तीन दिवस ५ किलोमीटर धावतो. ३० मिनिटं लागतात, पण शेवटी चांगलीच धाप लागते. १० किलोमीटरपर्यंत कसं जावं?

उत्तर : दमसास कमी पडतोय असं तुम्हाला वाटतं, पण अडचण वेगाची आहे. किलोमीटरला ६ मिनिटं हा तुमचा आजचा शर्यतीचा वेग झाला, रोजचा नव्हे. तो ७ ते साडेसात मिनिटांवर आणा. धावताना दहा-बारा शब्दांचं वाक्य मध्ये न थांबता बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांतच तुटत असेल, तर अजून हळू. सुरुवातीला रखडल्यासारखं वाटेल, शेजारून धावणारा एखादा पुढेही निघून जाईल. जाऊ द्या त्याला.

मग तीनपैकी एकच दिवस लांबवा. त्या दिवशीचं अंतर आठवड्यागणिक ६, ७, ८ किलोमीटर. चौथ्या आठवड्यात मुद्दाम परत ६. त्यानंतर ८, ९, १०. उरलेले दोन दिवस ५-५ किलोमीटरच ठेवा. पाचव्या आठवड्यापासून त्यातला एक ६ करा, म्हणजे सगळा भार एकाच दिवसावर पडत नाही. लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी धावू नका.

चौथ्या आठवड्यातली माघार अनेकांना वेळेचा अपव्यय वाटते आणि तिथेच घोळ होतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात; स्नायुबंध आणि हाडांना महिने लागतात. त्यामुळे ‘आज आणखी २ किलोमीटर सहज जमतील’ असं वाटतं तेव्हा ते श्वासाचं मत असतं, नडगीचं नव्हे.

८ किलोमीटरला अडलात, तर ४ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं असं करा. मात्र पहिल्या ४ मिनिटांपासूनच. दमल्यावर चालायला लागणं ही विश्रांती झाली, पद्धत नव्हे.

प्रश्न : अंतर वाढवल्यापासून नडगी दुखते. धावणं थांबवू का?

उत्तर : कुठे दुखतं ते बोटाने चाचपून पाहा. नडगीच्या आतल्या कडेने, खालच्या अर्ध्या भागात चार-पाच बोटं लांबीचा पट्टा ठसठसत असेल, तर बहुधा स्नायू हाडाला चिकटतात त्या भागावर ताण आला आहे. अंतर निम्मं करा, उतार टाळा. दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी दाबल्यावर कळ येत असेल, किंवा बसल्या जागी, रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. धावणं बंद, आधी डॉक्टर. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी लगेच पळायला जाऊ नका.

हळू धावताना पाऊल लांब टाकायची सवय हेही कारण असू शकतं. पाय गुडघ्याच्या बराच पुढे पडला, की धक्का वाढतो. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजा. ४० येत असेल तर ४२ करा. वेग तोच, पावलं आखूड.

प्रश्न : वेग तोच असूनही शेवटच्या किलोमीटरमध्ये घड्याळावर हृदयाचे ठोके वाढलेले दिसतात. काही बिघडलंय का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. घामाने पाणी जातं, अंग तापतं, त्वचेकडे रक्त जास्त वळतं आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. उकाड्यात हे लवकर होतं. तेव्हा वेग कमी करा. पट्टा सैल असेल तर मनगटावरचं घड्याळ कधी कधी पावलांची लयच ठोके म्हणून दाखवतं, तेही तपासा. जास्तीत जास्त ठोक्यांचा ‘२२० वजा वय’ हा हिशेब माणसागणिक १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतो, म्हणून बोलून पाहण्याची चाचणी जास्त भरवशाची. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ठोके अनियमित वाटले, तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : १० किलोमीटरसाठी वाटेत काही खावं लागतं का?

उत्तर : नाही. तासा-सव्वा तासाला शरीरातला साठा पुरतो. तहान लागली तर पाणी प्या, उगाच पोटभर नको. दीड तासाच्या पुढे गेलात, की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतील. ती शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा न घेता सरावात घेऊन पाहा, कारण पोट बिघडलं तर तिथे इलाज नसतो.